पंपाच्या पॅनल पेटीची नोंद: पत्रा ठरला, आता वेल्डिंग

मालवणच्या वाडीतल्या पंपाच्या विजेच्या पॅनलसाठी पेटी करतोय, तिचा पत्रा अखेर आला. स्टेनलेस स्टील, प्रकार ३१६एल (कमी कार्बनचा ३१६), जाडी १६ गेज.

पुण्यात बसवायची असती तर ३०४ हा नेहमीचा स्टेनलेस पुरला असता. समुद्रकाठी मात्र खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर एखाद्या बिंदूपाशी फोडतं. वरून पत्रा चकचकीत दिसतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक आत खोल जात राहतं. ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम याच ठिकाणी उपयोगी पडतं. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट, असा भोकं पडण्याला पत्रा किती दाद देत नाही याचा हिशेब मांडला (आकडा जितका मोठा तितकं बरं) की ३०४ साधारण १९ वर राहतो, ३१६ चोवीसच्या आसपास जातो. डुप्लेक्स २२०५ हा आणखी वरचा स्टेनलेस पस्तिशीला पोचतो, पण तो वाकवायला फार ताठ. एवढ्याशा पेटीला मला तो नको वाटला.

दुकानदाराच्या शब्दावर पत्रा घेऊ नका. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही. २०२ (स्वस्तातला स्टेनलेस), ३०४, ३१६ तिन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. मी मोली टेस्टचा, म्हणजे मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी लावली. थेंबात लालसर छटा उतरली. शेजारी ठेवलेल्या ३०४ च्या तुकड्यावर ती आली नाही. असा ओळखीचा तुकडा जवळ असला की शंका उरत नाही.

कोपरे आर्गॉन वेल्डिंगने जोडले, फिलर (जोडात वितळवून भरायची तार) सुद्धा ३१६एलचाच. शिवणीच्या दोन्ही बाजूंना पिवळा-निळा पट्टा उठलाय. त्याच्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं, त्यामुळे तो तसाच ठेवला तर महागाचा पत्रा घेऊन काय मिळवलं? पट्टा काढायला पिकलिंग पेस्ट, म्हणजे आम्लाचा लेप, लावायची. तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, म्हणून योग्य हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड आणि काम उघड्यावर. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क या पत्र्याला लावायची नाही. तिच्यातले लोखंडाचे कण रुतले की तिथूनच तांबेरा सुरू होतो.

छप्पर उतरतं ठेवलंय आणि पॉलिशच्या रेषा उभ्या, म्हणजे पावसाने मीठ धुऊन जाईल. काळजी आहे ती पेटीच्या तळाची आणि वळचणीखालच्या बाजूची. तिथे पाऊस पोचत नाही, मीठ साचत जातं. ते भाग अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायचे. बिजागरीचे बोल्ट ए४ चे, म्हणजे ३१६ च्या जातीचे, मागवलेत. ए२ म्हणजे पुन्हा ३०४ च.

गास्केट (दाराच्या फटीतली सीलपट्टी) पिकलिंगनंतर.