कास, बामणोली, वासोटा: या वाटेवर कोणता कॅमेरा न्यावा?

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून बोटीने मेट इंदवली आणि पुढे वासोट्याची चढण. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. तो उघडल्या उघडल्या, ऑक्टोबरात केलेली ही एका दिवसाची फेरी. गटात तीन जातींचे कॅमेरे होते: दोन लेन्सवाला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा), एक इंची सेन्सरचा (प्रकाश टिपणारी चकती) खिशातला झूम कॅमेरा आणि पाण्याला न डरणारा टफ कॅमेरा. फोन प्रत्येकाकडे होताच. किल्ल्याची माहिती भरपूर ठिकाणी मिळते, म्हणून इथे फक्त कॅमेऱ्याचं.

आधी वजनाचा काटा. डीएसएलआर म्हणजे कॅनन १५००डी. त्याची बॉडी बॅटरीसकट ४७५ ग्रॅम, १८-५५ लेन्स साधारण २००, ५५-२५० एसटीएम ३७५. सव्वादहाशे-साडेदहाशे ग्रॅम इथेच झाले. बॅग, पट्टा, चार्जर धरले की दीड किलो. म्हणजे दीड लिटर पाणी. ओढा ओलांडून चढण लागली की गडावरच्या टाक्यापर्यंत पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा हा हिशेब नीट कळतो. खिशातला सोनी आरएक्स१०० मार्क ७ बॅटरी-कार्डासकट ३०२ ग्रॅम, टफ ऑलिंपस टीजी-६ २५३ ग्रॅम.

पण नुसतं वजन बघून कॅमेरा घेऊ नये. वासोट्याचं जंगल दाट आहे, भर दुपारीही वाटेवर अंधारून येतं. तिथे एफ २.८ ला (लेन्सचं उघडं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त) आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार) ८०० ठेवून १/१०० सेकंदाच्या आसपास शटर मिळतो. तोच शटर डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सच्या ५५ टोकाला, एफ ५.६ वर हवा असेल तर आयएसओ ३२०० लागतो. म्हणून डीएसएलआरचा सेन्सर मोठा असूनही रानात तो फायदा बराचसा लेन्समध्येच विरतो. टफ कॅमेऱ्यांचा सेन्सर एक इंचीच्या साधारण चौथाई क्षेत्रफळाचा. सावलीतली पानं त्यात मेणासारखी गुळगुळीत दिसतात. फोन उजेडात उत्तम, पण झाडावरचा धनेश पक्षी टिपायला निघालं की ठिपकाच हाती येतो.

कासवर हिशेब उलटतो. फुलांचा भर सप्टेंबरात. ऑक्टोबरात उरलंसुरलं मिळतं. सीतेची आसवं म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर फूल, गेंदही तेवढाच. फुलांत पाय घालायचा नाही, जे काही टिपायचं ते वाटेच्या कडेवरून. इथे टीजी-६ राजा: लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो. आरएक्स१०० मार्क ७ रुंद टोकाला ८ सेंटिमीटरपर्यंत जातो, पण झूम ओढला की जवळजवळ मीटरभर मागे सरावं लागतं. वारा सतत असतो, म्हणून शटर १/५०० च्या खाली आणू नये. जांभळ्या रंगात निळा चॅनल आधी फुटतो (निळा रंग मर्यादेपलीकडे जातो) आणि पाकळीवरच्या रेषा पुसल्या जातात, म्हणून एक्स्पोजर −०.७ (थोडं गडद) ठेवावं.

बोटीत लाइफ जॅकेट चढवलं की गळ्यातला कॅमेरा आत अडकतो आणि बाहेर काढला तर तुषार बसतात. किनारा येईपर्यंत तो वळकटी करून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत बरा. झिपलॉक पिशव्या टाळाव्यात: मेट इंदवलीला वनखात्याची तपासणी होते, प्लास्टिक मोजून नोंदवतात आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. एखादी पिशवी वाटेत उडाली की बसा शोधत.

चढताना गळ्यातला लांब पट्टा नको. वाकलं की कॅमेरा हातभर झोका घेतो आणि दगडावर आपटतो. छोट्या कॅमेऱ्याला मनगटी पट्टा, आणि पाऊच सॅकच्या डाव्या खांदापट्ट्यावर, गळपट्टीच्या हाडाखाली चार बोटं. पाऊच एकाच लूपवर लटकवला तर उतरताना छातीवर ठोके देतो. खालून इलॅस्टिकची दुसरी गाठ हवीच. दोन्ही हात मोकळे राहतात आणि कॅमेरा पाच सेकंदांत बाहेर येतो. सॅकच्या तळाशी ठेवलेला डीएसएलआर या फेरीत जंगलात दोनदाच बाहेर आला, यात सगळं आलं.

पाऊच घट्ट घेऊ नये. घट्ट पाऊचमध्ये पॉवर बटण दाबलं जातं, लेन्स बाहेर यायला धडपडते, आतले बारीक प्लास्टिकचे दाते सरकतात आणि पडद्यावर लेन्स एररचा संदेश येतो. खिशातला झूम कॅमेरा निकामी होण्याचं हे नेहमीचं कारण. जुना कॅमेरा घेताना म्हणूनच दहा वेळा चालू-बंद करून आवाज ऐकावा. करकर आली तर सोडून द्यावा. मग एफ ११ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढावा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. लेन्समध्ये तिरका टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघावी.

बॅटऱ्या दोन. छोट्या कॅमेऱ्यांची एक बॅटरी साधारण २००-३५० फोटोंत संपते, आणि गडाच्या टोकावरच्या बाबुकड्यावर पोहोचेपर्यंत निम्मी गेलेली असते. बोट आणि चढण धरून तिथे यायला दुपार होते. ऊन डोक्यावर, दरीत धूसर. −१ वर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढून घरी सावल्या उचलाव्यात. कड्याच्या काठावर मात्र पडद्यात बघत मागे सरकायचं नाही. आधी जागा ठरवावी, बसावं, मग कॅमेरा काढावा.

एसी गाडीतून कासच्या दमट हवेत उतरताच कॅमेरा उघडला तर काच धुरकटते. वीस-पंचवीस मिनिटं बॅगेतच राहू द्यावा. घरी आल्यावर बॅटरी काढून, कोरड्या फडक्याने पुसून, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. तो तवा परत पोळीला वापरू नये. पट्टे साध्या पाण्याने धुऊन वाळवावेत. घामाने ओले पट्टे कॅमेऱ्याबरोबर डब्यात गेले, तर बुरशीला तेवढी ओल पुरते.