कावळा कितवा?

शिवडीच्या जेट्टीवर मी पहिल्यांदा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहिले तेव्हा दुर्बीण मित्राची होती आणि वही नव्हती. पुढे भरती-ओहोटीचे वेळापत्रक घरातल्या कॅलेंडरशेजारी लागले, कारण पाणी चढू लागले की हे पक्षी चिखलावरून सरकत काठाजवळ येतात, आणि ती वेळ चुकणे मला अपराधासारखे वाटू लागले. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. माझ्या रजा मात्र तोवर संपल्या होत्या. वडिलांच्या वर्षश्राद्धाचे पान गच्चीत ठेवून सारे कावळ्याची वाट पाहत असताना मी पलीकडच्या शेवग्यावरच्या तांबट पक्ष्याची नोंद करत होतो. आईने शांतपणे विचारले, "कावळा तुझ्या यादीत कितवा रे?" मला पाने उलटून पाहावी लागली.