खांब नावाच्या बायका

स्पेनमधल्या सारागोसात कुणाशीही ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुझ्या नावाचा अर्थ काय?" भारतीय म्हटलं की नावाला अर्थ हवाच, जणू आपण कोडी घालत फिरतो. परवा बँकेतल्या बाईंनीही विचारलं. त्यांच्या टेबलावर पाटी होती, पिलार. पिलार म्हणजे चक्क खांब! मी म्हटलं, "आणि तुमच्या?" त्या खांदे उडवून म्हणाल्या, "अर्थ कसला? नाव आहे, झालं."

मला रागच आला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी ज्याला घासते तोही पिलारच की. शिवाय शब्द पुल्लिंगी आणि नाव बाईचं! याचं कुणाला काही नाही, चौकशा मात्र माझ्या नावाच्या.

खरं तर अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. इ.स. 40 मध्ये इथे एब्रो नदीच्या काठी येशूचा शिष्य संत सांतियागो याला येशूची आई मारिया खांबावर उभी दिसली, अशी श्रद्धा आहे. तो खांब इथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये आहे. आपण देवीला साडी नेसवतो तसं त्याला रोज वेगळं वस्त्र, फक्त महिन्याच्या 2, 12 आणि 20 तारखेला नाही. मागच्या बाजूला थोडासा दगड उघडा ठेवलाय, शतकानुशतकं लोकांचे ओठ लागून तिथे खळगा पडलाय. 12 ऑक्टोबरला, तिच्या सणाला, समोरच्या चौकात फुलांचा डोंगर उभा राहतो आणि गावातल्या यच्चयावत पिलारना शुभेच्छा! कागदोपत्री मारिया देल पिलार, घरी नुसती पिली.

हेवा वाटतो तो याचा, की या नावाची कुणाला लाज नाही. आपल्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू ठेवायचे, काळाची नजर पडू नये म्हणून. महर्षी कर्वे धोंडोच होते, 1958 मध्ये भारतरत्न झाले, पण आज बारशाला कुणी धोंडो ठेवेल? अर्थात तुलना तितकी सरळ नाही. यांच्या खांबावर देवी उभी आहे, आपल्या धोंड्यामागे आईबापांची धास्ती होती. अशी नावं गेली तर रडायचं कशाला?

आमच्या मुलाच्या वेळी सासूबाईंनी आजेसासऱ्यांचं नाव सुचवलं होतं, धोंडीराम. आम्ही आरव ठेवलं. परदेशात राहायचं तर सुटसुटीत नाव बरं, शाळेत कुणी अडखळायला नको. इथे 'व'चा 'ब' करतात आणि बाई त्याला 'आराब' म्हणून हाक मारतात, ती गोष्ट वेगळी.