अण्णांनंतरचा करारनामा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे धातूच्या ओतीव भागांचं, मशीनिंग करून द्यायचं, हेच काम. २०१२ साली मी आणि अण्णांनी एका जुन्या लेथवर सुरुवात केली, तेव्हा साधी भागीदारी फर्म होती. दोन वर्षांनी सीएंनी तिची एलएलपी, म्हणजे भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी भागीदारी, करायला लावली. तो खर्च मला तेव्हा उगाचचा वाटला होता.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुरानं हायवे बंद झाला, माल अडकला. त्यातून सावरतोय तोच सप्टेंबरात अण्णा गेले. सकाळी कामगारांशी बोलले आणि संध्याकाळी नव्हते.

दिवसकार्य उरकल्यावर सीएंकडे गेलो. ते म्हणाले, जुनी फर्म असती तर दोघांतला एक गेल्यावर फर्मच संपली असती. एलएलपी राहते, पॅन तोच, जीएसटी नंबर तोच. पण तिला किमान दोन भागीदार लागतात. एकटा राहून सहा महिन्यांपुढे धंदा रेटला, तर त्यानंतर होणाऱ्या देण्यांना मी स्वतः, घरादारासकट जबाबदार.

वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आपोआप भागीदार होतील असं मी धरून चाललो होतो. तसं होत नाही. वारसांना मिळतो तो पैसा: अण्णांचं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला त्यांचा वाटा, मृत्यूच्या तारखेला हिशेब करून. कारभारातली जागा त्यासोबत येत नाही. ती द्यायची तर उरलेल्या सगळ्या भागीदारांची संमती हवी, आणि उरलो होतो मी एकटा.

आमच्या करारनाम्यात मृत्यूबद्दल एक ओळही नव्हती. कायद्याप्रमाणे निघालेली रक्कम पाहून मला बरं वाटलं नाही. घसारा लागून व्हीएमसीची, म्हणजे आमच्या संगणकावर चालणाऱ्या मशीनची, किंमत पुस्तकात अगदीच उतरली होती आणि अण्णांनी माणूस-माणूस जोडून आणलेली गिऱ्हाइकं तर त्या आकड्यांत कुठेच नव्हती. मी व्हॅल्युअरकडून किंमत काढून घेतली. ती बरीच जास्त आली आणि तीच द्यायची ठरवली. एकरकमी देणं मात्र शक्य नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पैसे सवडीनं द्या. पण एकदा लेकीला विचारून बघा.” लेक मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. तिनं आधी तीन वर्षांचे ताळेबंद मागवले. पंधरा दिवसांनी फोन आला, “काका, सीसी लिमिट एवढी का वापरली जाते?” सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, धंदा चालवायला बँकेकडून घेतलेलं कर्ज. तेव्हाच मला कळलं, ही येणार. वहिनींच्या संमतीनं अर्धी रक्कम तिचं भांडवल म्हणून ठेवली, अर्धी तीन वर्षांच्या हप्त्यांत वहिनींना.

मग रजिस्ट्रारकडचे कागद: तिची संमती फॉर्म ९ वर, भागीदार बदलल्याची सूचना फॉर्म ४ वर. ही सूचना ३० दिवसांत द्यायची असते. अण्णा गेल्याची सूचना द्यायला आम्हाला ४१ दिवस उशीर झाला. तेव्हा रोज १०० रुपये पडायचे, ४,१०० भरले. नवा करारनामा फॉर्म ३ वर गेला, जीएसटीतही दुरुस्ती केली.

सगळ्यात जास्त त्रास बँकेनं दिला. सीसीला वहिनींचं राहतं घर तारण होतं. भागीदार बदलल्याची नोंद झाली म्हणून तारण सुटत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. ज्या माणसाचा आता धंद्याशी संबंध नाही, त्याच्या बायकोचं घर आमच्या कर्जाला अडकून पडलंय, या विचारानं झोप लागायची नाही. माझा प्लॉट तारण दिला, नवी हमीपत्रं झाली. फेब्रुवारीत कागद सुटले, ते मी स्वतः वहिनींच्या हातात नेऊन दिले.

नव्या करारनाम्यात बाहेर पडायचं तर ९० दिवसांची नोटीस, किंमत कशी काढायची, वारसांना पैसे किती हप्त्यांत आणि तारण किती दिवसांत सोडवायचं, सगळं लिहिलंय. २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या आमच्या फोरमनला ५ टक्क्यांचा भागीदार करून घेतलं. त्याची सही झाली त्या दिवशी वहिनी पेढे घेऊन शॉपवर आल्या होत्या.