जिनिंगच्या काट्यावरचा पेंटियम ४: एक्सपी पुन्हा टाकण्याआधी डिस्कचं काम

मशीन हिंगणघाट भागातल्या एका जिनिंगच्या गाडी-काट्यावरचं. पेंटियम ४, ८६५ चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबीच्या दोन डीडीआर रॅम, ८० जीबीची रुंद केबलवाली आयडीई डिस्क. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर, पावती डॉट मॅट्रिक्सवर, आणि पावतीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. म्हणून एक्सपीच पुन्हा टाकायचं.

लक्षणं अशी: चालू करताच निळा स्क्रीन, स्टॉप कोडच्या शेवटी ‘ईडी’, म्हणजे बूटची ड्राइव्ह माउंट होत नाही. सीडीवरून सेटअप लावला तर फाइल कॉपी होताना ‘सेटअप कॅनॉट कॉपी द फाइल’ येतं, आणि दर वेळी वेगळ्या फाइलवर. ही ‘वेगळी फाइल’ फार कामाची खूण आहे. एकाच फाइलवर अडलं तर आधी सीडीचा ओरखडा बघावा. फाइल बदलत असेल तर रॅम, केबल किंवा सप्लाय. इथे एस्केप दाबून फाइल वगळू नका. इन्स्टॉल पूर्ण झाल्यासारखं दिसतं आणि पुढे भलतीकडेच फुटतं.

आधी सफाई, मग सप्लाय

कॅबिनेट उघडलं तर सीपीयूच्या हीटसिंकवर रुईची गादी बसलेली, पंखा तिच्यावरच घासत होता. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबरने पुसले, मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवला, एकही एरर नाही. रॅम संशयातून सुटली.

मल्टिमीटरची काळी पिन मोकळ्या मोलेक्सच्या (सप्लायचा डिस्कला वीज देणारा कनेक्टर) काळ्या वायरला, लाल पिन आधी पिवळ्या आणि मग लाल वायरला. मशीन चालू, डिस्क फिरती. पिवळीवर ११.५२, लालवर ४.६८ व्होल्ट. १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५ ही हद्द. डिस्कची मोटर १२ वर फिरते, पण तिचं इलेक्ट्रॉनिक्स ५ वर चालतं. म्हणजे डिस्क फिरताना ऐकू येते, सगळं ठीक वाटतं आणि वाचन मात्र चुकतं. एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधला सप्लाय) ५ व्होल्टच्या लाइनवरचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले होते. ते बदलता येतात (१० व्होल्टचे, १०५ डिग्रीचे, लो-ईएसआर, मूळच्याच क्षमतेचे), पण आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. सवय नसेल तर एसएमपीएसच बदला. इथे बदलला. नव्यावर ५.०६ आणि १२.११.

मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी २.५८ व्होल्टवर आली होती. बॅटरी मेली की लाइन गेल्यावर तारीख मागे जाते आणि बायोस मूळ सेटिंगवर येतो. ८६५ वर एवढ्याने बूट अडत नाही. पण ज्या पुढच्या बोर्डांत साटाला (नंतरच्या अरुंद केबलच्या डिस्क) एएचसीआय हा नवा मोड आहे आणि मूळ सेटिंग तेच आहे, तिथे एक्सपी लगेच ‘७बी’चा (बूटची डिस्कच सापडत नाही) निळा स्क्रीन देतं आणि माणूस विनाकारण डिस्कला दोष देतो. त्या बोर्डांवर मोड आयडीई करा.

केबल

केबल ८० तारांचीच होती, पण झाकणाखाली दाबून तिला घडी पडलेली आणि कडेला उंदराने कुरतडलेलं. निळं टोक बोर्डात, काळं टोक मास्टर डिस्कला, मधलं करडं स्लेव्हला. लांबी ४६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. भंगारातून काढलेली ४० तारांची लावली तर वेग यूडीएमए ३३ वर (सेकंदाला ३३ एमबी) उतरतो. बायोसमधून जबरदस्तीने वरचा मोड लावला तर तोच ‘ईडी’चा स्क्रीन पुन्हा.

स्मार्ट काय सांगतं

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीच्या लिनक्सच्या ३२-बिट सीडीवरून बूट करून स्मार्टसीटीएल कमांडने आकडे काढले. पाहायचे चारच:

०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे ५१२ बाइटचे कप्पे): ०
१९७ (पेंडिंग सेक्टर): २२
१९९ (केबलवरच्या सीआरसी चुका): १८४६
१९४ (तापमान): ५४ डिग्री

१९९ चा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे १८४६ बघून घाबरू नये. तो वाढतो का, एवढंच बघायचं. नवी केबल लावल्यापासून १८४६ वरच आहे. ५४ डिग्री मात्र जास्तच. मे महिना, टिनाचं शेड, भर दुपार. अशा डिस्कची कमाल मर्यादा साधारण ५५ ते ६० असते. समोर ८० मिलिमीटरचा पंखा लावला आणि लांब चालणारी कामं पहाटे सुरू केली; आकडा ४३ वर आला. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, पाण्याचे तुषार बोर्डावर जातात.

आता खरा मुद्दा २२ पेंडिंग सेक्टरचा. सेक्टर लिहिला जात असतानाच लाइन गेली तर डेटा अर्धवट राहतो आणि त्याचा तपासणी-कोड जुळत नाही. डिस्कला तो वाचता येत नाही, म्हणून ती त्याला पेंडिंग ठरवते. चकतीला काहीही झालेलं नसतं. आपल्याकडे फीडर दिवसातून किती वेळा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. इथल्या पुष्कळ ‘खराब’ डिस्क अशाच असतात. दुसरा प्रकार म्हणजे पृष्ठभागच गेलेला. वाचून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो फक्त त्या जागेवर लिहिल्यावर.

इथेच एक्सपी कमी पडतं. एक्सपीचं पूर्ण फॉरमॅट सगळे सेक्टर नुसतं वाचून बघतं, लिहीत नाही. शून्यं लिहिणारं फॉरमॅट व्हिस्टापासून आलं. रिकव्हरी कन्सोलमधली चेकडिस्क ‘आर’ स्विच लावूनही तेच करते: न वाचलेला क्लस्टर (सेक्टरांचा गट) ‘खराब’ म्हणून फाइल सिस्टममध्ये नोंदवून बाजूला ठेवते. त्या जागेवर पुढे कधी लिहिलंच जात नाही, त्यामुळे डिस्कला आपली राखीव जागा वापरायची संधी मिळत नाही आणि पेंडिंगचा आकडा तसाच राहतो. अशा डिस्कची एनटीएफएस (एक्सपीची फाइल सिस्टम) इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या डिस्कवर उतरवली तर चांगल्या डिस्कवरही या खोट्या नोंदी सोबत येतात. म्हणून फॉरमॅटच्या आधी डिस्कभर लिहा.

इमेज, मग शून्यं

लिहिण्याआधी जुन्या पावत्यांचा डेटा. डीडीरेस्क्यूची (खराब डिस्कची इमेज काढणारा प्रोग्रॅम) पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे सोपं तेवढं उचलून अवघड जागा सोडणारी; दुसरी ‘डी’ आणि ‘आर ३’ने, उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) द्याच, लाइन गेली तर काम तिथूनच पुढे सुरू होतं. इमेज ज्या यूएसबी डिस्कवर घ्याल ती फॅट३२ नको, ४ जीबीला फाइल अडते. शेवटी ११,२६४ बाइट वाचायचे राहिले. ५१२ ने भागा, बरोबर २२ सेक्टर. पावत्यांची डीबीएफ फाइल त्यांच्यात नव्हती.

मग डीडी या लिनक्सच्या कॉपी कमांडने पूर्ण डिस्कवर शून्यं, ब्लॉक १ एमबीचा. कमांड देण्याआधी डिस्कचे सेक्टर मोजून घ्या: ८० जीबीच्या डिस्कवर १५,६३,०१,४८८. यूएसबीवाली डिस्क चुकून पुसली जाऊ नये म्हणून हीच खरी खात्री. लिनक्समधली डिस्कची नावं दर बूटला बदलू शकतात. वेळ ३५ मिनिटं. यूपीएसवर फक्त सीपीयू ठेवला, मॉनिटर नाही. मधेच बंद पडलं तर त्या जागी नवा पेंडिंग सेक्टर तयार होईल, तेव्हा अर्धवट सोडू नका, पहिल्यापासून लिहा.

नंतरचे आकडे: १९७ वर ०, ०५ वर २. म्हणजे २२ पैकी २० लाइनने केलेले, २ जागा खरोखर गेलेल्या, आणि डिस्कने त्या राखीव जागेतून बदलल्या. स्मार्टची लांब चाचणी पास. त्यावर बॅडब्लॉक्सची लिहून-वाचून तपासणी: चार पॅटर्न, आठ फेऱ्या, पाच तासांच्या आत. ०५ दोनवरच. या तपासणीत तो वाढला असता तर डिस्क काट्यावर परत गेली नसती.

इन्स्टॉल

एक्सपी एसपी२ ची सीडी, सी ड्राइव्ह ३० जीबी, उरलेली डी पावत्यांसाठी. फाइल कॉपी एका दमात झाली. एसपी३ पेन ड्राइव्हवरून टाकला. २०१४ पासून एक्सपीला नियमित अपडेट नाहीत, मशीनला नेट द्यायचं नाही.

दोन सेटिंग विसरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेल उघडून चालू मोड बघा; ‘अल्ट्रा डीएमए मोड ५’ हवा. सहा चुका साचल्या की एक्सपी हळूहळू पीआयओ या जुन्या, संथ मोडवर उतरतं आणि स्वतःहून वर येत नाही. तो चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करावा लागतो. दुसरं, डिस्कच्या पॉलिसीज टॅबमधली राइट कॅशिंगची (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरून ठेवणं) खूण काढली. लिखाण हळू होतं, पण काट्यावर एका गाडीची एक पावती, तिला वेग नको, लाइन गेली तरी नोंद टिकायला हवी.

कॅबिनेटच्या आत कागद चिकटवला आहे: तारीख, ०५ = २, १९७ = ०, १९९ = १८४६. कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा आकडे काढून त्याच कागदावर खाली लिहायचे.