फुईची सही

बँकेच्या खिडकीवरून फुईची स्लिप दुसऱ्यांदा परत आली, तेव्हा ती धुळ्याच्या दवाखान्यात पडून होती. भादव्यात ओट्यावरून उतरताना पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशनचे पैसे मी आणि माझ्या धाकट्या भावाने भरले, पण ते फुईला मंजूर नव्हतं. "मना पैसा शेतस ना, मंग तुमी कसाले भरतस?" असं ती रोज विचारायची. तिची स्वतःची मुदत ठेव होती, वर्षानुवर्षं कापसाच्या पैशातून बाजूला टाकलेली. ती मोडायची म्हटलं तर सही लागते, आणि सही जुळत नव्हती.

फुई म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. वय ७९. पारोळा तालुक्यात तिचं साडेतीन एकर वावर आहे, फुवांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मागे तिच्या नावावर आलेलं. मूलबाळ नाही. मी जळगावला नोकरी करतो, तरी शनिवार-रविवार तिच्याकडे असतो. लहानपणी शाळेच्या सुट्ट्या तिच्याच घरी गेल्या, त्यामुळे ती माझी दुसरी आईच आहे.

सहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. १९७८ साली देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तिच्या गावातही रात्रीचा वर्ग निघाला. दिवसभर निंदणी करून आलेली फुई कंदिलाच्या उजेडात पाटीवर आपलं नाव गिरवायची. तेव्हापासून सोसायटीच्या कर्जापासून रेशन कार्डापर्यंत सगळीकडे तिने सहीच केली. आता हात थरथरतो. पाच अक्षरांतली पहिली दोन नीट येतात, तिसऱ्याला रेघ खाली घसरते.

बँकेतल्या साहेबांनी सरळ उपाय सांगितला, अंगठा लावा. उपाय नियमातला होता. आजारी, वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे देता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचा माणूस असावा, असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. पण फुईने मान हलवली. "मी अंगठा लावनार नही, सही करसू." मला तेव्हा वाटलं, किती हट्ट करते! आता तसं वाटत नाही.

मग कुणीतरी कुलमुखत्यारपत्राचं सुचवलं, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. मी घाई केली. कोर्टाबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याच्याकडे तयार मसुदा होता. नावं, पत्ते, गट नंबर बदलले, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर छापून घेतलं, नोटरीचा शिक्का झाला. अर्ध्या दिवसात काम. फुईने सही केली खरी, पण तो कागद तिला कुणी वाचून दाखवला नाही. मीही नाही. ही चूक माझी.

तो कागद बँकेत दिला. वीस-बावीस दिवस तो वरच्या ऑफिसला जाऊन पडला. मी तीनदा रजा काढून गेलो, दर वेळी "अजून आलं नाही" एवढंच उत्तर. शेवटी परत आला तो शेऱ्यासकट: 'सर्व व्यवहार करण्याचा अधिकार' एवढ्यावर ठेव मोडता येणार नाही, खाते क्रमांक आणि ठेवीचा स्पष्ट उल्लेख हवा, कागद नोंदणीकृत हवा. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर महिना वाचला असता. दवाखान्याचं बिल थांबत नाही, हे खिडकीपलीकडच्या माणसाला कळत नसेल असं नाही.

त्याच महिन्यात गावात वेगळंच शिजलं. फुईने वावर माहेरच्याला लिहून दिलं, अशी बोलवा उठली. फुवांचे पुतणे दोन, थोरल्याला सगळे जिभाऊ म्हणतात. जिभाऊंनी फुईकडे येणं बंद केलं. दवाखान्यातून आल्यावर भेटायलाही आले नाहीत. फुईला ते फार लागलं. ती बोलली नाही, पण संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्या घराकडे बघत राहायची.

मी तो टायपिंगवाल्याचा कागद पुन्हा काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. नवव्या कलमात लिहिलं होतं: सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, खरेदीखत करून देणे. मला घाम फुटला. जिभाऊंचा राग फुकाचा नव्हता.

ओळखीतल्या एका वकीलताईंकडे गेलो. त्यांनी आधी माझं काहीच ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या आत्यांना काय हवंय ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय." आणि रविवारी स्वतः गावी आल्या. फुईशेजारी खाटेवर बसून त्यांनी समजावलं, ते मलाही नवीन होतं. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. नुसतं मुखत्यारपत्र करून दिलं म्हणजे जमीन विकली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मुखत्यार हा मालकाचा हात असतो, मालक नव्हे. देणाऱ्याला वाटेल तेव्हा तो कागद रद्द करता येतो, मात्र रद्द केल्याचं लेखी पत्र बँकेला आणि ज्यांच्याशी व्यवहार असेल त्या सगळ्यांना पोचलं पाहिजे. आणि देणारा माणूस गेला की कागदही संपतो.

मग ताईंनी माझ्याकडे वळून सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं. देणाऱ्याचं भान गेलं तरी हा कागद संपतो. १८७२ च्या करार कायद्यातच ते आहे. परदेशात भान गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तशी सोय नाही. विस्मरण वाढलं, माणूस बेशुद्धीत गेला, की घरच्यांना पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. लोक नेमकं उलटं करतात. आजी-आजोबांना काही कळेनासं झालं की मग मुखत्यारपत्राची धावपळ करतात. तेव्हा ते कायद्याने होतच नाही, आणि कुणी करून दिलं तर तो कागद उद्या टिकत नाही.

त्याच दुपारी मी जिभाऊंकडे गेलो. जुना कागद त्यांच्यासमोर ठेवला, नववं कलम दाखवलं, चूक कबूल केली आणि म्हटलं, "जिभाऊ, नवा कागद तुमच्यासमोर होईल. ओळख पटवायला तुम्हीच या." ते बराच वेळ गप्प होते. वकीलताईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी त्यांच्या कानावर घातली. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, नवऱ्याकडून आलेली जमीन असलेली निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली तर ती जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे त्यांच्याकडे, माझ्याकडे नाही. जिभाऊंनी फक्त विचारलं, "फुईले माहीत शे का हाई?" मी म्हटलं, तिलाही ताईंनी सांगितलंय. मग चहा आला.

नवा मसुदा तयार व्हायला दोन रविवार लागले. ताई एकेक कलम मराठीत वाचायच्या, मी ते अहिराणीत सांगायचो, आणि फुई हो किंवा नाही म्हणायची. बचत खातं चालवणं, हो. खाते क्रमांक घाला. मुदत ठेव मोडणं, हो, पावती क्रमांक घाला. सातबारा, आठ अ काढणं, तलाठ्याकडे अर्ज देणं, पीक विमा, सोसायटीचं कर्ज भरणं, पंपाचं वीजबिल, सगळ्याला हो. नवं कर्ज काढणं? "नही." वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, देणं? इथे ती थांबली. वावर सालदाराकडून करून घ्यायचं की बटईने द्यायचं, हे दर अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तीच ठरवत आली आहे. "ते मी सांगसू. हाऊ फक्त लिखी दी." ते तसंच लिहिलं: मालकाच्या सांगण्यावरून करारावर सही करणे. विक्रीचं कलम आलं तेव्हा ताईंनी वाचून संपवायच्या आत ती म्हणाली, "मनं वावर इकानं नही. मी जित्ती शे आजून." त्या कलमाऐवजी आम्ही उलटं कलम घातलं, की विक्री, गहाण, बक्षीस यांपैकी कशाचाही अधिकार मुखत्याराला नाही. मुद्रांकाच्या दृष्टीनेही ते बरं पडलं. जवळच्या नातलगाबाहेर कुणाला विक्रीचा अधिकार दिला तर मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखं लागतं, आणि बायकोच्या, नवऱ्याच्या, लेकीच्या यादीत आत्याचा भाचा बसतो की नाही याचा वाद घालत बसावं लागलं असतं.

डॉक्टरांचा दाखला घेतला. कायद्यात तो सक्तीचा नाही, पण उद्या कुणी म्हणालं की म्हातारीला समजत नव्हतं, तर हाताशी असावा. डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, घरात कोण कोण आहे विचारलं. मग सहज म्हणाले, आजी, कापसाला काय भाव आहे? तेव्हा २०२५-२६ चा हंगाम होता. फुई म्हणाली, "सरकारना भाव क्विंटलले ८,११० शे, पन व्यापारी तेवढा देत नही." डॉक्टर हसले आणि दाखल्यावर सही केली.

तिला गाडीत बसवून तालुक्याला नेणं शक्य नव्हतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात यासाठी सोय आहे. आजारपणामुळे कचेरीत येऊ न शकणाऱ्याच्या घरी दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी, स्वतः येऊ शकतात. त्याला गृहभेट म्हणतात. अर्ज, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि फी भरायची. बहुतेकांना ही सोय माहीतच नसते, आणि मग खुबा मोडलेल्या माणसाला उचलून जिने चढवतात. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरून ठेवावी लागते, ती आम्ही भरली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी निबंधक मॅडम आल्या, सोबत कारकून, लॅपटॉप, कॅमेरा आणि ठसे घ्यायचं यंत्र. जिभाऊ धुतलेला सदरा घालून आधीच येऊन बसले होते. मॅडमनी मला आणि जिभाऊंना अंगणात जायला सांगितलं. दार लोटलं, तरी आवाज येत होता.

"आजी, या कागदात काय लिहिलंय?"

"हाऊ मना भाचा शे. बँकनं काम करी, वावरनं कागदपत्र करी. वावर इकाना अधिकार त्याले नही."

"कुणी जबरदस्ती केली का?"

"मले कोन जबरदस्ती करी?"

आम्हाला आत बोलावलं. फोटोसाठी फुईने पदर डोक्यावर नीट घेतला. यंत्रावर अंगठा ठेवायचा होता. मला वाटलं, आता नाही म्हणते की काय. तिने मॅडमना विचारलं, "सही बी करनी शे ना?" मॅडम म्हणाल्या, सही आधी, ठसा नंतर, तो सगळ्यांचाच घेतात, माझाही घेतला होता. मग तिने अंगठा ठेवला. पहिल्यांदा यंत्राने घेतला नाही. कापूस वेचून, भांडी घासून रेषा झिजल्या आहेत. कारकुनाने ओल्या रुमालाने अंगठा पुसला, जरा दाबून धरला, तिसऱ्यांदा घेतला.

सहीला मात्र वेळ लागला. सात पानं होती. मी मांडीवर पोळपाट ठेवला, त्यावर कागद. फुईने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पहिलं अक्षर काढलं. प्रत्येक पानावर पाच अक्षरं. चौथ्या पानावर ती थांबली, बोटं उघडझाप केली, पाणी प्यायली. कारकून घड्याळाकडे बघत होता. मॅडमनी त्याला हातानेच थांब म्हटलं. सातव्या पानावर तिसरं अक्षर खाली घसरलं, तेव्हा तिने पेन उचललं, रेघेकडे पाहिलं आणि उरलेली दोन अक्षरं रेघेवर आणून काढली. खोलीत कुणी बोलत नव्हतं. जिभाऊंनी डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आता बँकेत काम होतं. मूळ कागद दाखवून त्यांनी प्रत ठेवून घेतली, दहा दिवसांनी ठेव मोडली, दवाखान्याचे पैसे फुईने आम्हा दोघा भावांना परत केले. ते मी घेतले, कारण नाही घेतले असते तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं. काही गोष्टींना हा कागद चालत नाही. पीएम किसानचं ई-केवायसी तिच्याच आधारवर, तिच्याच चेहऱ्याने होतं; सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर कपास किसान ॲपवरची नोंदणीही तिचीच. दवाखान्यातले निर्णयही यात येत नाहीत. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायची वेगळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती मान्य केली आणि २०२३ मध्ये सोपी केली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होते. ते अजून केलेलं नाही, फुईशी बोलायला मला धीर झालेला नाही.

एक वही केली आहे. तिच्या खात्यातून काढलेला प्रत्येक रुपया तीत लिहितो आणि दर शनिवारी तिला वाचून दाखवतो. जिभाऊही कधी येऊन बसतात. मागच्या शनिवारी खताच्या पिशव्यांचा आकडा मी चुकीचा वाचला, तो तिने धरला.

वही मिटताना ती म्हणाली, त्या वकीलबाईला एकदा परत बोलाव, मृत्युपत्र करायचंय. मी विचारलं, काय लिहायचं ठरवलंस? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तधय तू अंगणमा बसजो."

वकीलताई पुढच्या रविवारी येणार आहेत. नवं पेन आणायला सांगितलंय, जाड टोकाचं.