साडेचार फुटांचा झेंडा
आज डोंगरातल्या ओढ्यावर ट्राउट मासे धरायला गेलो आणि दिवसभर माझ्याच फ्लाय-फिशिंगच्या रॉडशी, म्हणजे गळाच्या काठीशी, भांडलो. ९ फुटी, दोन तुकड्यांचा. सुटा करून सॅकला बांधला तरी साडेचार फुटांचा झेंडा, वाटेतल्या प्रत्येक फांदीला सलाम ठोकणारा! ओढ्यावर झाडं इतकी वाकलेली, की गळ फेकायला मागे हात न्यायलाच जागा नाही. शेवटी गुडघ्यावर बसलो, फ्लाय (गळावरचा नकली किडा) चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवला आणि चिमूट सोडली, तेव्हा कुठे वीतभर मासा लागला.

आता साडेसात फुटी, ३ नंबर लाइनचा (म्हणजे हलक्या दोरीचा), चार तुकड्यांचा घेणार. जेमतेम दोन फुटांत मावतो. रीळच नको असेल तर जपानी टेंकारा आहे, दोरी थेट टोकाला बांधलेला रॉड, पण रिळाची करकर ऐकल्याशिवाय मला मासा लागल्यासारखं वाटत नाही.